तुझ्या असुराला पोटापाण्याचं विचार

धुळे,
चैत्र शुद्ध पंचमी

चि. भाच्यास,

तुझ्या कादंबरीचं बाड मिळालं. हातात पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. आधी मनातलं सांगतो, मला फार आनंद झाला. आपल्याकडच्या पोराने राक्षस, मंत्र, मणी, शाप असा ऐवज घेऊन लिहायला बसावं आणि त्याची गोष्ट कुठल्या परक्या बर्फाळ डोंगरात न घडता सातपुड्यात, तापीच्या पात्रात, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घडावी, याची मी किती दिवस वाट पाहत होतो. पुरात नदी ओलांडणाऱ्या तुझ्या नायिकेचं प्रकरण उत्तम उतरलंय. तिची आजी तिला अहिराणीत रागावते ती पानं जशीच्या तशी ठेव. कोणी प्रमाण मराठीत करायला सांगितलं तरी ऐकू नकोस.

आता तू विचारलंस त्याविषयी. ‘मामा, खलनायकाची भीती वाटते का?’ असं चिठ्ठीत लिहिलंयस. नाही वाटत. त्याच्या अंगावर काळं चिलखत आहे, डोळ्यांत आग आहे, त्याच्या आवाजाने कडे कोसळतात. तरी पन्नास-साठ पानं झाली आणि माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. या अंधाराच्या सम्राटाला नेमकं काय हवंय, तेच मला कळेना.

त्याचा बेत मी एका कागदावर उतरवून काढला. तोरणमाळच्या पठाराखाली त्याचं पाताळनगर आहे. तापी ही सूर्याची कन्या, म्हणून तिचं सगळं पाणी एका मण्यात ओढून घ्यायचं. नदी आटली की सूर्य दुबळा होणार, अंधार पसरणार आणि त्या अंधारात हा खानदेशावर राज्य करणार. सूर्यकन्या तापीची पुराणकथा तू अशी वापरलीस, ही कल्पना मोठी आहे, ती सोडू नकोस. पण तिच्या पाठोपाठ प्रश्न येतात. नदी आटली, केळी वाळली, माणसं बिऱ्हाड बांधून सुरतेला गेली, मग हा राज्य कुणावर करणार? पन्नास हजारांची फौज पाताळात बसून आहे, ती खाते काय? माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तरी दिवसाला 250 क्विंटल लागतं. बैलगाडीला दहा क्विंटल धर, म्हणजे रोज पंचवीस गाड्या घाट चढून वर गेल्या पाहिजेत. त्या कोण हाकतं? मणी त्याच्या हाती तिसऱ्या प्रकरणात लागतो आणि तो वापरतो विसाव्या प्रकरणातल्या अमावास्येला. मधल्या अमावास्यांना काय करत होता? नायिका कैदेत सापडल्यावर तिला सगळा बेत पहिल्यापासून सांगतो, दारावर दोन पहारेकरी ठेवतो आणि निघून जातो. कुठे जातो? रात्री खाटेवर पडून गोष्ट ऐकणारं पोरगंसुद्धा तिथे ‘मंग काबर?’ म्हणून उठून बसेल.

ही भोकं तुलाही दिसलेली आहेत, कारण ठिगळं जागोजागी लावलीयस. फौज मंत्राच्या बळावर जगते, तिला अन्न लागत नाही, असं एक वाक्य बाराव्या प्रकरणात आहे. मग चौथ्या प्रकरणात त्याच फौजेने शिरपूरकडच्या गावांतली धान्याची कोठारं का फोडली? मणी वापरायला विशिष्ट नक्षत्र लागतं, हे सतराव्या प्रकरणात एक म्हातारा ऋषी सांगतो. तोवर त्या नक्षत्राचं कोणी नावही काढलेलं नसतं. गोष्ट अडली की नवा मंत्र काढायचा, ही सवय आत्ताच मोड. जादूचा नियम अडचण येण्याआधी सांगितला तर वाचक निमूट मान्य करतो. अडचण आल्यावर सांगितला तर त्याला लेखकाने हातचलाखी केल्यासारखं वाटतं. ‘झपाटलेला’ 1993 सालचा, पण तू तो तोंडपाठ असल्यासारखा बघतोस. तात्या विंचू गावातल्या वाटेल त्या माणसाच्या मागे का लागत नाही? ज्याला त्याने पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं, त्याच्याच देहात त्याला शिरता येतं, हा नियम एकदा ठरतो आणि पुढची सगळी पळापळ त्या एका नियमातून निघते. बाहुला आहे, विनोदी सिनेमा आहे, तरी त्याला काय हवं आणि ते कुणाकडूनच का हवं, हे समोरच्या लहान पोरालाही कळतं.

पण मला तुला घेऊन जायचंय ते आपल्या एरंडोलला. जळगावहून धुळ्याला येताना दर वेळी ते तुझ्या वाटेवर लागतं. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात, आणि पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारलं ही कथा तूही तिथल्या तळ्याकाठी ऐकलेली आहेस. दुसऱ्या प्रांतांतही एकचक्रेवर हक्क सांगणारी गावं आहेत, तो वाद राहू दे. तू आदिपर्वातलं बकवधाचं प्रकरण काढ आणि भीमाचा पराक्रम बाजूला ठेवून फक्त बकासुराचा बेत वाच. मला आजवर भेटलेल्या सगळ्या राक्षसांमध्ये इतका पक्का बेत दुसऱ्या कोणाचा दिसला नाही.

बकासुराला रोज हवा असतो गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. एवढंच. तो सगळं गाव एका दिवशी का खात नाही? कारण उद्याही जेवायचंय. हे घराघराने पाळीने द्यायचं, आणि गाव मोठं असल्यामुळे एका घरावर पाळी यायला वर्षानुवर्षं जातात. म्हणजे ज्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात रडारड असते त्या दिवशी बाकीच्या सगळ्या घरांत हायसं वाटतं. राजा काय करतो? राजा दुसरीकडे राहतो, दुबळा आहे, त्याला या गावाचं सोयरसुतक नाही. ती जागा बकासुराने भरलीय. तो या मुलखाचं परचक्रापासून रक्षण करतो, त्याच्या धाकाने दुसरा कोणी शत्रू इकडे फिरकत नाही; गाव त्याला जे देतं ते त्या राखणीचं वेतन म्हणून देतं. कोणी चुकवायला बघितलं तर त्याची बायकापोरंही जातात, म्हणून एकटादुकटा धाडस करत नाही. आणि माणसं गाव सोडून का जात नाहीत? ज्याच्या घरी पांडव उतरलेत त्या ब्राह्मणाच्या तोंडी याचं उत्तर आहे. तो बायकोला म्हणतो, मी तुला किती वेळा सांगितलं की इथून निघून जाऊ. पण तू इथे जन्मलीस, इथे वाढलीस, बापाचं घर सोडवेना म्हणून तू आली नाहीस.

बघ, तू मला विचारशील असे सगळे प्रश्न व्यासांनी आधीच विचारून ठेवलेत आणि एकाही उत्तरासाठी मंत्र वापरलेला नाही. माणसांच्या ओळखीच्या वागण्यातूनच सगळी उत्तरं आलीत. पुढे त्या घरात जे बोलणं होतं ते वाचताना माझा गळा दर वेळी दाटतो. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा, नाहीतरी मी परक्या घरचीच. आणि नुकतं बोलायला लागलेलं पोर गवताची काडी उचलून म्हणतं, हिने मी राक्षसाला मारीन. या सगळ्या वेळात बकासुर रंगमंचावर आलेलासुद्धा नाही. तो दूर रानात भुकेला बसलेला आहे आणि तरी त्याच्या धाकाने एका घराची भिंतन्‌भिंत हलते. तुझा सम्राट पहिल्या पानावर कडे कोसळवत येतो आणि कोणाच्याच घरात शिरत नाही.

बकासुराच्या बेतालाही एक भोक आहे. गाडा घेऊन कोण आला, हे तो बघत नाही. मला वाटतं, वर्षानुवर्षं गाडा मुकाट्याने येत गेला, म्हणून बघणं सुटलं. त्या भोकातून भीम आत येतो, त्याच्या नावाने हाक मारतो आणि त्याच्याच पुढ्यात बसून त्याचाच भात खाऊ लागतो. हे भोक व्यासांच्या नजरेतून निसटलेलं नाही. ते राक्षसाच्या निर्धास्तपणातून पडलंय, आणि तिथूनच गोष्ट पालटते.

आता तुझ्या तापीकडे ये. नदी आटवण्याचा हट्ट सोड. आपल्या पांझरेवर फडपद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. तू माझ्याबरोबर तिथे पाटाकाठी हिंडलायस. नदीत आडवा दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पिकांची फेरपालट ठरलेली. कोणी उठून आपल्या हाताने बारं फोडून पाणी घ्यायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाळीने पाणी देतो. काही शतकं शेतकऱ्यांनी हे आपल्याआपण चालवलं. आता अशी कल्पना कर की या पाटाच्या अगदी वरच्या टोकाला, बंधाऱ्यावर, एक माणूस येऊन बसला आणि म्हणाला, पाळी यापुढे मी ठरवीन. त्याला नदी आटवायची गरज नाही. उलट नदी वाहती राहण्यातच त्याचा फायदा आहे, कारण वाहत्या पाण्यासाठीच तर खालची गावं त्याच्या पाया पडणार. कुणाचा फड या हंगामात भिजेल आणि कुणाचा कोरडा राहील, एवढं ठरवण्याचा अधिकार हाती आला की राज्य आलंच, सिंहासन नंतर करून घेता येतं.

तुझ्या मण्याला हे काम दे. मणी म्हणजे तापीचा बंधारा. सम्राट पाणी वर अडवतो आणि पाळीने सोडतो. ज्या गावाची पाळी, त्या गावाने पंचवीस गाड्या धान्य घाट चढवून द्यायचं. फौजेच्या पोटाचा प्रश्न सुटला, गाड्या कोण हाकतं याचंही उत्तर मिळालं, कोठारं फोडायचं कारण उरलं नाही. अमावास्येपर्यंत तो का थांबला, हा प्रश्नही गळून पडतो, कारण तो थांबलेलाच नाही. त्याचा बेत रोज चालू आहे, रोज त्याला थोडं थोडं मिळतंय. आणि अंधार तुला हवाच असेल तर तोही हप्त्याने येऊ दे. दर पाळीला पाण्याबरोबर गावाचा थोडा उजेड कमी व्हावा, इतका थोडा की पहिली काही वर्षं लोकांनी दिवा जरा लवकर लावावा आणि दिवस लहान झाले असं म्हणावं. तुझ्या नायिकेच्या आजीला मात्र ते कळावं, कारण तिला सुईत दोरा ओवायला किती वाजेपर्यंत दिसायचं ते तिला पक्कं ठाऊक आहे.

मग गावात त्याचा एक पाटकरी लागेल. सम्राट काही दर गावात स्वतः येणार नाही. हा पाटकरी कोण, ते शोधायला वेळ घे, कारण पुस्तकाचा जीव मला तिथे दिसतो. तो नायिकेच्या घरातलाच असला तर? तिचा काका, सज्जन, देवभोळा, ज्याने आपल्या भावकीच्या फडाला पहिली पाळी मिळावी म्हणून एकदा मान डोलावली आणि मग डोलावतच राहिला. आत्ता तुझ्या पुस्तकात सम्राटाच्या बाजूला नुसते विकट हसणारे राक्षस आहेत. खऱ्या जगात वाईट बेत चालतात ते साध्या माणसांच्या हातांनी. त्या काकाला त्याची कारणं मांडू दे. ती कारणं वाचताना वाचकालाही क्षणभर पटली पाहिजेत.

नवव्या प्रकरणातल्या किल्ल्याविषयी थोडं. सम्राटाचे सैनिक व्यापाऱ्यांच्या वेषात दरवाजातून आत येतात आणि पहारेकरी त्यांना हटकतसुद्धा नाहीत. किल्लेदार मूर्ख आहे म्हणून बेत साधला, असं वाटतं. इतिहासकार फेरिश्ताने असिरगडाची हकीकत लिहून ठेवलीय ती बघ; गड आज मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशच्या फारुकी सुलतानांचं बळ तिथेच होतं. साधारण 1400 सालच्या सुमाराचा काळ. फारुकी मलिक नासीर गडाच्या धन्याला, आशा अहिराला, कळवतो की शेजारचे राजे माझ्यावर उठलेत, माझ्या बायकामाणसांना तुझ्या गडावर आसरा दे. आशा उदार माणूस, तो हो म्हणतो. पहिल्या दिवशी डोल्या येतात त्यांत खरोखरच बायका असतात आणि आशाच्या घरातल्या बायका त्यांना भेटूनही येतात. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या येतात, आशा आणि त्याची मुलं स्वागताला पुढे जातात आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडतात. सगळी कावेबाजी पहिल्या दिवसात आहे. बळी पडला तो मूर्ख नव्हता, त्याने खात्री करून घेतली होती, आणि त्याच्या खात्रीचाच फास केला गेला. तुझ्या किल्लेदारालाही असा पहिला दिवस दे.

आता हेतूचं. बेत सुधारला तरी ‘पण हे सगळं त्याला हवंय कशाला?’ हा प्रश्न राहतोच. तू त्याला पाचव्या प्रकरणात बालपणीचं एक दुःख दिलंयस. ऋषींनी आश्रमातून हाकलून दिलं म्हणून तो जगावर उलटला. एका आश्रमाचा राग आणि शिक्षा सगळ्या जगाला, हे माप जुळत नाही. दिवाळीत तळोद्याकडून माणसं अस्तंब्याच्या शिखरावर जातात, तो अश्वत्थामा आठव. बापाने शस्त्र खाली ठेवलेलं असताना धृष्टद्युम्नाने त्याला मारलं, हे त्याचं दुःख. वडाखाली पडलेला असताना घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना दिसतं आणि तिथे त्याला रात्रीच्या हल्ल्याची वाट सुचते. कृपाचार्य समजावतात, झोप घे, सकाळी थोरांना विचारू. तो ऐकत नाही. छावणीत शिरल्यावर सगळ्यात आधी तो गाठतो धृष्टद्युम्नाला, आणि धृष्टद्युम्न शस्त्राने मरण मागत असताना त्याला लाथांनी मारतो, कारण बापालाही वीराचं मरण मिळालं नव्हतं. हेतू इतका थेट कृतीत उतरलेला आहे. पुढे तो झोपलेली पोरं मारतो आणि गर्भावर अस्त्र टाकतो, तेव्हा दुःख त्याच्या हातून कुठल्या कुठे वाहवत गेलेलं असतं. पण ते निघालं कुठून, हे आपल्याला शेवटपर्यंत दिसतं. सातपुड्यात तो जखमेला तेल मागत फिरतो असं आपली माणसं अजून सांगतात. त्याचं करणं त्यांनी माफ केलं नाही, तरी तेलाला नाहीही म्हणत नाहीत. तुझ्या सम्राटाविषयी वाचकाला असं वाटलं तर तू जिंकलास.

पण सगळेच खलनायक दुःखातून निघत नाहीत आणि प्रत्येकाला बालपणीची जखम द्यायची टूम मला आवडत नाही. यासाठी तुला माझ्या गावच्या तुरुंगात यावं लागेल. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. 21 फेब्रुवारीला सुरुवात झाली, आठवड्याला एक अध्याय, म्हणजे सोळावा आला 5 जूनला. दैवी आणि आसुरी संपत्तीचा तो अध्याय. त्यात गीतेने असुराचं मन उघडून दाखवलंय. आज काय मिळालं, उद्या काय मिळवायचं, कोणता वैरी संपला, कोणते उरले, याची मांडणी करत तो बसलेला आहे. आपण वाईट आहोत असं त्याला कुठेही वाटत नाही. विनोबांनी या असुराच्या तीन महत्त्वाकांक्षा सांगितल्या. सत्ता, संपत्ती या दोन कोणीही सांगितल्या असत्या. तिसरी त्यांनी सांगितली ती संस्कृती. आपलीच संस्कृती सगळ्यांत चांगली, ती साऱ्या जगावर पसरली पाहिजे. चांगली का, तर ती आपली आहे म्हणून. परक्या सत्तेने डांबलेल्या माणसांसमोर हे बोलणं झालंय हे ध्यानात घे. समोर बसलेल्यांना हा असुर पोथीत शोधायची गरज नव्हती.

तुझ्या सम्राटाला ही तिसरी महत्त्वाकांक्षा दे, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याला खरोखर वाटू दे की माणसांना पाण्याच्या पाळ्या आपल्याआपण ठरवता येत नाहीत, ती भांडतात, एकमेकांचे पाट फोडतात, आणि तो आला नसता तर तापीकाठी रक्त वाहिलं असतं. त्यात थोडं खरंही असू दे. गावांमध्ये खरोखरच एकदा पाण्यावरून मारामारी झालेली असू दे, तिच्यात त्याचं स्वतःचं कोणी गेलेलं असू दे. मग नायिका त्याच्यासमोर उभी राहील तेव्हा तो आपला बेत का सांगतो, हेही जुळेल. तो फुशारकी मारणार नाही. तिला पटवायला बघेल. तिच्यासारख्या शहाण्या मुलीने आपल्या बाजूला यावं, असं त्याला मनापासून वाटत असेल, आणि म्हणूनच तो तिला मारणार नाही. दोन पहारेकऱ्यांचं कोडं सुटलं की नाही?

राहिला त्याचा पराभव. तुझ्या आत्ताच्या शेवटात मणी नायिकेच्या हातून पडून फुटतो आणि सगळं संपतं. तो अपघात आहे, काढून टाक. रावणाने वर मागताना देव, दानव, यक्ष, सगळे मोजले आणि माणसाला मोजलंच नाही, कारण माणूस त्याच्या खिजगणतीत नव्हता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला तुझा लाडका सॉरॉनही तसाच. अंगठी हाती आलेला कोणी ती वापरायची सोडून नष्ट करायला निघेल, हे त्याच्या डोक्यातच येऊ शकत नाही, म्हणून तो सगळीकडे बघतो आणि आपल्या डोंगराकडे बघत नाही. अशी भोकं लेखकाने मुद्दाम ठेवावीत. तुझ्या सम्राटाला कोणती गोष्ट अशक्य वाटते? मला वाटतं, ज्याची पाळी आहे तो आपल्या वाटचं पाणी खुशीने दुसऱ्याच्या फडाला सोडील, हे. एका वर्षी सगळ्या गावांनी तेच केलं तर त्याच्याकडे विकायला काही उरत नाही. पुढे तो चिडेल, मणी हातात घेऊन स्वतः खाली उतरेल, आणि मग होऊ दे तुझी लढाई.

वाचकांच्या शंकांचा मात्र राग मानू नकोस. कंसाने देवकी-वसुदेवांना एकाच कोठडीत का ठेवलं, असं आजकालची पोरं हसत विचारतात; पण भागवत उघडलं तर दिसतं की वसुदेवाने प्रत्येक मूल आणून द्यायचा शब्द दिलेला होता, पहिलं मूल आणून दिल्यावर कंसाने ते परतही केलं होतं, आणि नारदाने कान भरल्यावर पुढचा कोंडण्या-मारण्याचा प्रकार झाला. शंका विचारणारा वाचक गोष्टीत गुंतलेला असतो. ज्याला काहीच पडलेलं नाही तो पुस्तक मिटतो आणि बोलतही नाही.

एक काम सांगतो, ते मनावर घे. कादंबरीला हात लावण्याआधी सम्राटाचा एक साधा दिवस लिहून काढ. लढाई नाही, यज्ञ नाही. सकाळी उठल्यावर त्याला पहिली बातमी कोण देतो, धान्याचा हिशेब कोण ठेवतो, कुठल्या गावाने गाड्या कमी पाठवल्या, त्या गावाचं काय करायचं यावर त्याचं आणि सेनापतीचं कसं वाजतं, तो जेवतो कुणाबरोबर, रात्री त्याला झोप लागते का. आत्ता तो वाईट बातमी आणणाऱ्या प्रत्येक दूताला मारतो. अशाने त्याला खरी बातमी कोण सांगत असेल, तेही त्या दिवसात लिही. यातलं एक अक्षर पुस्तकात छापू नकोस. हे लिहून झालं की तुझ्या ठिगळांपैकी कोणती उसवायची हे तुझं तुला कळेल, मला सांगावं लागणार नाही.

बाडात पेन्सिलीने खुणा केल्यात. जिथे दुहेरी रेघ आहे तिथे बदलू नको, ते चांगलं आहे.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग. आखाजीला ताई माहेरी येईल, तिच्याबरोबर सम्राटाचा तो एक दिवस आणि काकाचं प्रकरण तेवढं पाठव. बाकीच्याची घाई करू नकोस, पण ही दोन मला आखाजीला हवीच आहेत.

तुझा,
मामा